ओळ झाका, आधी चित्र पाहा: दोमिएचे घरगुती व्यंगचित्र वाचण्याची पद्धत

१८४४ साली पॅरिसच्या ‘ल शारिवारी’ या दैनिकात एक चित्र छापून आले. एक बाई टेबलाशी लिहीत बसली आहे. तिचे लहान मूल पाण्याच्या टबात उलटे पडले आहे. डोके आत, पाय वर. बाईला त्याचा पत्ताच नाही. खाली एक ओळ, जिचा आशय असा: आई लिखाणाच्या आगीत, मूल टबाच्या पाण्यात. चित्रकार ओनोरे दोमिए, मालिका ‘ले बा-ब्लू’, म्हणजे निळे मोजे. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बायकांना तेव्हा हेच नाव चिकटवले जाई. मालिकेतले हे सातवे चित्र.

आज ही चित्रे घरबसल्या पाहता येतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर ‘ल शारिवारी’चे जुने अंक आहेत. पॅरिसच्या नगर-संग्रहालयांनी २०२० पासून आपल्या संग्रहातली हजारो चित्रे मुक्त केली आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते त्याआधी, २०१७ मध्येच केले. मूळ कागदही दुर्मीळ नाहीत. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींना जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, लिलावांत ते सहज दिसतात. अडचण चित्र मिळण्याची नाही. चित्र समोर आले की आपण ओळ वाचतो, थोडे हसतो आणि पुढे जातो, ही खरी अडचण आहे.

पुढची पद्धत त्यासाठीच सांगतो. तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: या कागदावरचे चित्र आणि त्याखालची ओळ ही बहुतेक वेळा दोन वेगळ्या माणसांची कामे आहेत. दोमिए चित्र काढायचा. ओळी लिहायचे वर्तमानपत्राचे संस्थापक शार्ल फिलिपाँ आणि त्यांच्या कचेरीतले लेखक. त्याच काळातला व्यंगचित्रकार गाव्हार्नी मात्र आपल्या ओळी स्वतः लिहायचा, त्यामुळे त्याला हा नियम लावू नका. दोमिएचा हात काय सांगतो आणि कचेरीचा आवाज काय सांगतो, हे वेगवेगळे ऐकू आले की मगच त्या घरात खरे काय चालले आहे ते दिसू लागते.

आधी दोन शब्द तंत्राविषयी

दोमिएची ही चित्रे शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली. शिळाछाप म्हणजे काय हे मराठी वाचकाला फारसे समजावून सांगायला नको. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावरच. पुढे पुण्याच्या चित्रशाळेने आणि रविवर्म्याच्या छापखान्याने देवादिकांची जी चित्रे घरोघरी पोचवली, तीही दगडावरून. पद्धत जर्मनीतल्या आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी शोधली. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड घ्यायचा, वाळूने घासून त्याला बारीक खरखरीतपणा आणायचा, त्यावर मेणचट खडूने चित्र काढायचे. मग अरबी डिंक आणि थोडेसे आम्ल यांचा हात फिरवायचा. दगड ओला केला की कोऱ्या जागा पाणी धरतात आणि तेलकट शाई नाकारतात. खडूच्या जागा शाई धरतात. कागद दाबला की चित्र उमटते, पण उलटे: दगडावरचे डावे कागदावर उजवे.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही पुढे कामाला येतात. पहिली, खोदकाम नाही, त्यामुळे चित्रकार कागदावर काढावे तितक्या वेगाने दगडावर काढू शकतो. दोमिएच्या घरी दगड येत, तो चित्र काढी, दगड परत जात. चार हजारांच्या घरात चित्रे एका माणसाच्या हातून झाली ती या वेगामुळेच. दुसरी, प्रत्येक रेघ त्याच्या हातची आहे. मध्ये दुसरा कोरणारा नाही. म्हणून या कागदावर भिंग लावणे सार्थकी लागते.

पायरी १: ओळ झाका

कागद असेल तर खालच्या समासावर कोरी पट्टी ठेवा. पडदा असेल तर चित्र इतके मोठे करा की ओळ बाहेर जाईल. आता चांगली पाच मिनिटे फक्त पाहा. पाहताना मी हा क्रम पाळतो.

सगळ्यात आधी काळे ठसठशीत भाग. दोमिए नजर खेचून घ्यायची असेल तिथे खडू दाबतो. डोळे किलकिले करून चित्र पाहिले तर तपशील विरघळतात आणि दोन-तीन गडद ठिकाणे व एखाद-दुसरे लख्ख पांढरे ठिकाण उरते. चित्राचा सांगाडा तोच. त्या दोन ठिकाणांत अंतर किती आहे, मध्ये काय आहे, हे टिपा. टबाच्या चित्रात सगळा विनोद एका दुराव्यावर उभा आहे: एकाच खोलीत दोन घटना घडताहेत आणि त्यांची एकमेकींशी गाठ पडत नाही. ओळ वाचायच्या आधीच ते कळते.

मग हात. चेहऱ्याकडे नंतर जा. दोमिएची माणसे तोंडाने खोटे बोलतात, हातांनी नाही. नवरा बोलतो आहे पण बोटे खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून आहेत का? बायको ऐकते आहे पण सुई चालू आहे का? लेखणीवर वाकलेल्या त्या आईची पाठ पाहा. तो आळस नव्हे, कामात बुडालेले शरीर आहे. तिची थट्टा करायची म्हणून काढलेल्या चित्रात एकाग्रता इतकी खरी उतरली आहे, की मला हे चित्र दरवेळी ओळीपेक्षा मोठे वाटते.

त्यानंतर सामान. खोलीत पलंग आहे की नुसती पलंगाची कड? चूल, शेगडी, घड्याळ, आरसा, भिंतीवर चौकट? कपडे कुठे पडले आहेत? टबातल्या पाण्याकडे आजच्या नजरेने पाहू नका. १८४४ च्या पॅरिसमध्ये बहुतेक घरांत नळ नव्हते. पाणीवाले बादल्या भरून जिने चढत आणि पाणी विकत. टबभर पाणी म्हणजे कुणीतरी वाहून आणलेले, पैसे मोजलेले पाणी. अशा एका तपशिलातून घराची ऐपत कळते.

शेवटी उजवे-डावे. दगडावरचे चित्र उलटे छापले जाते हे वर आलेच. एखादे पात्र डाव्या हाताने लिहिताना किंवा शिवताना दिसले तर त्यात अर्थ शोधण्याआधी छपाईचा हिशेब करा.

पाच मिनिटांनंतर एका वाक्यात लिहून ठेवा: इथे कोण काय करते आहे? कुणाचे नुकसान होते आहे? हे वाक्य पुढे पाचव्या पायरीला लागेल, त्यामुळे ते प्रामाणिकपणे, ओळ न पाहता लिहिलेले असू द्या.

पायरी २: समासातली बारीक अक्षरे

चित्राच्या वर मधोमध मालिकेचे नाव असते आणि बहुधा उजव्या कोपऱ्यात आकडा. तो मालिकेतला क्रमांक. घरगुती विषयाच्या मालिका ओळखायला काही नावे लक्षात ठेवा: ‘मर्स कोंजुगाल’, म्हणजे दांपत्यजीवनाच्या रीतीभाती, १८३९ ते १८४२, साठ चित्रे, ‘ले बा-ब्लू’, १८४४, चाळीस चित्रे, ‘ले बों बुर्झ्वा’, म्हणजे भले मध्यमवर्गीय, १८४६ पासून, ऐंशीहून अधिक, शिवाय बापांवरची ‘ले पापा’ आणि भाडेकरू-घरमालकांवरची एक मालिका.

खाली डाव्या-उजव्या टोकांना प्रकाशक आणि छापणारा. ‘शे’ या शब्दाने सुरू होणारी ओळ म्हणजे ‘अमुक यांचेकडे मिळेल’. ओबेर हे नाव सर्वात जास्त भेटेल. ते फिलिपाँचे भागीदार आणि नातलग. त्यांच्या दुकानाचा पत्ता आधी व्हेरो-दोदा गल्ली आणि चाळीसच्या दशकात बोर्स चौक. १८३९-४१ च्या कागदांवर बोझे हे नाव आणि क्र्वासाँ रस्त्याचा पत्ताही दिसतो. ‘इम्प’ या अक्षरांपुढे मुद्रकाचे नाव. पत्त्यावरून कागदाचा काळ अदमासे ठरवता येतो, म्हणून हे शब्द गाळू नका. चुकीचे वाटले तरी जसेच्या तसे उतरवा.

सही चित्राच्या आत असते, बहुधा ‘एच. डी.’ एवढीच. कधी कोपऱ्यात, कधी खुर्चीच्या पायाशी. ती कागदावर सरळ दिसते म्हणजे त्याने दगडावर उलटी काढली होती.

पायरी ३: कागद उलटा करा

मूळ कागद हातात असेल तर ही पायरी सगळ्यात पटकन निकाल देते. ‘ल शारिवारी’ चार पानी असे आणि चित्र तिसऱ्या पानावर. म्हणजे मागे चौथे पान: मजकूर, जाहिराती. मागे छपाई दिसली तर तुमच्याकडे वर्तमानपत्रातली प्रत आहे. कागद पातळ, मागची अक्षरे चित्रातून अंधूक दिसणारी, मधोमध घडीची खूण, असे तिचे रूप.

मागची बाजू कोरी आणि कागद जाड, पांढरा असेल तर ती ‘स्यूर ब्लाँ’, म्हणजे पांढऱ्या कागदावरची, प्रत. ओबेरच्या दुकानातून अशी सुटी चित्रे आणि संच विकले जात. त्यांवर छपाई बहुधा अधिक स्वच्छ येते, काळा रंग मखमली दिसतो. काहींवर हाताने रंग भरलेले असतात. इथे सावध राहा: मागे मजकूर असलेल्या वर्तमानपत्री पानावर रंग दिसला, तर तो पुष्कळदा नंतरच्या काळात विक्रीसाठी चढवलेला असतो. रंग मुळातला आहे असे विक्रेता म्हणाला तर त्याचा आधार विचारा.

वर्तमानपत्री प्रत कमअस्सल असा एक गैरसमज आहे. मला ती जास्त आवडते. वर्गणीदाराने सकाळी जी घडी उलगडली तीच आपल्या हातात असते, आणि मागच्या जाहिरातींतून त्या घरांत काय विकले जात होते ते कळते.

पायरी ४: भिंग

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरे. चित्राच्या मध्यम करड्या भागावर ते धरा, उदाहरणार्थ कोटाच्या बाहीवर.

खऱ्या खडूकामात अनियमित, खडबडीत काळे कण दिसतात. त्यांच्या मधल्या पांढऱ्या जागाही ओबडधोबड. दगडाच्या खरखरीत पृष्ठभागाच्या फक्त उंच टोकांना खडू लागल्यामुळे असे होते. रेघेच्या कडा चुरचुरीत असतात. काही ठिकाणी पांढऱ्या बारीक ओरखड्यांसारख्या रेघा दिसतील: तिथे काळे केलेले भाग पात्याने खरवडून उजेड काढला आहे. दिव्याचा झोत, रेशमी घोळ, टकलावरची चकाकी अशा जागी त्या शोधा.

समान अंतरावर, ओळीत मांडलेले ठिपके दिसले तर ते छायाचित्रावरून केलेले नंतरचे मुद्रण. रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसली तर आजच्या यंत्रावरची प्रत. १८७० नंतरच्या दोमिएच्या चित्रांबाबत मात्र एक वेगळी गोष्ट आहे: ‘ल शारिवारी’ने तोवर ‘जिलोताज’ नावाची उठावाच्या ठशाची पद्धत आणली होती. त्यात दगडावरचे चित्र धातूवर उतरवून अक्षरांबरोबर छापत. त्या प्रती खोट्या नाहीत, पण खडूचा मऊपणा त्यांत उरत नाही आणि मागच्या बाजूला कधी दाबाचा उठाव बोटाला लागतो.

पडद्यावर पाहणाऱ्यांनी संग्रहालयाची मोठ्यात मोठी प्रतिमा उतरवून घ्यावी. कणांचा पोत तिच्यातही दिसतो. लहान प्रतिमेवर मत बनवू नये.

पायरी ५: आता ओळ उघडा

ओळ संवादाची असेल तर आधी बोलणारा ठरवा. फ्रेंच छपाईत आडवी रेघ आली की बोलणारा बदलतो. कित्येक चित्रांत एकच जण बोलत असतो आणि दुसऱ्याचे तोंड बंद असते. तोंड कुणाचे उघडे आहे हे चित्रातच पाहा.

ओळ अक्षर अक्षर उतरवा. त्या काळचे शुद्धलेखन थोडे वेगळे आहे. काही अनेकवचनांत आज जिथे ‘त’चे अक्षर येते तिथे ते गाळलेले दिसेल, ती छपाईची चूक नव्हे. ठिपक्यांच्या लांबलचक माळा आणि उद्गारचिन्हेही सोडू नका; श्वास कुठे अडतो, राग कुठे चढतो ते त्यांत आहे. यंत्राकडून भाषांतर करून घ्यायला हरकत नाही, पण बोलीतले शब्द आणि श्लेष यंत्र सपाट करते, तेव्हा दुसऱ्या एखाद्या कोशात पडताळा घ्या.

मराठीत आणताना सर्वनामाकडे बघा. या मालिकांतले नवरा-बायको एकमेकांना बऱ्याचदा आदरार्थी सर्वनामाने बोलतात. ‘ले बा-ब्लू’तल्या एका चित्रात बाई प्रकाशकांकडे निघाली आहे आणि कडेवर मूल घेतलेल्या नवऱ्याला ती बजावते: परत यायला फार उशीर होईल, पोराला अजून दोनदा पेज भरवा, आणि त्याला आणखी काही लागलेच तर ते पलंगाखाली मिळेल. फ्रेंचमध्ये हे सगळे ‘अहो’च्या सुरात आहे. तिथे ‘अरे’ लावले की अर्धी गंमत गेली, कारण घरातली व्यवस्था उलटली तरी शिष्टाचार जागचे हललेले नाहीत, हीच तर त्या चित्राची खोच.

आता पहिल्या पायरीत लिहिलेले वाक्य काढा आणि ओळीशेजारी ठेवा. दोन्ही जुळले तर चित्रकार आणि लेखक एका बाजूला आहेत. नाही जुळले तर थांबा. सगळ्यात मोलाचे काही मिळते ते इथेच. टबाच्या चित्राखालची ओळ आईला दोषी ठरवते. चित्रात मात्र विचारायला जागा आहे: खोलीत दुसरे माणूस का नाही? बाप कुठे आहे? ओळ हा प्रश्न विचारत नाही. कागदावरची रिकामी जागा विचारते.

पायरी ६: तारीख आणि कायदा

कोणत्या दिवशी छापले आणि त्या दिवशी काय छापण्यास बंदी होती, हे जोडीने पाहायला हवे. दोमिए घरात शिरला तो आवडीने नव्हे. १८३१ मध्ये त्याने राजा लुई फिलिपला जनतेचा पैसा गिळणारा राक्षस दाखवला आणि त्यापायी १८३२ मध्ये सेंत-पेलाजीच्या तुरुंगात गेला. २८ जुलै १८३५ रोजी फिएस्की नावाच्या माणसाने अनेक नळ्यांच्या बंदुकीने राजावर हल्ला केला. राजा वाचला, आजूबाजूची माणसे मेली. सप्टेंबरात कायदे आले: यापुढे कोणतेही चित्र सरकारी परवानगीवाचून प्रसिद्ध करायचे नाही. लेख छापून मग खटला भरला जाई, चित्राला मात्र आधीच कुलूप. फिलिपाँचे ‘ला कारिकातूर’ बंद पडले. उरलेल्या ‘ल शारिवारी’ने राजवाडा सोडला आणि दिवाणखाना धरला.

म्हणून १८३५ ते १८४८ मधली घरगुती चित्रे पाहताना हे विसरू नका, की ती काढणारा माणूस प्रजासत्ताकवादी होता आणि त्याला सत्तेविषयी बोलायचे होते. नवऱ्याचा तोरा, बापाची जरब, घरमालकाची अरेरावी या लहान सत्तांत त्याला मोठी सत्ता दिसत होती, असे मी मानतो. प्रत्येक चित्रात गुप्त राजकारण शोधू नका. परंतु अधिकार गाजवणारे शरीर तो कसे काढतो तिकडे लक्ष असू द्या. फेब्रुवारी १८४८ च्या क्रांतीने बंदी उठली, १८५२ मध्ये ती परत आली. तुमच्या चित्राची तारीख बंदीच्या काळातली की मधल्या मोकळ्या काळातली, ते नोंदवा.

दुसरा कायदा घरातला. १८०४ च्या नागरी संहितेचे कलम २१३ सांगते: नवऱ्याने बायकोला संरक्षण द्यावे, बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. अठराव्या शतकातल्या फ्रेंच राज्यक्रांतीने दिलेला घटस्फोट १८१६ मध्ये काढून घेतला गेला आणि १८८४ पर्यंत परत आला नाही. म्हणजे ‘मर्स कोंजुगाल’मधल्या प्रत्येक जोडप्याला कायद्याने घटस्फोटाची वाट नाही. हे कळल्यावर त्या मालिकेतले सहावे चित्र, १८३९ चे, पुन्हा पाहा. नवऱ्याच्या हातात त्याची फाटकी विजार आहे आणि तो कडाडतो आहे: बायकांना विजारी रफू करू न देणारी ती तुमची मादाम सांद गेली उडत, एकतर घटस्फोट पुन्हा सुरू करा, नाहीतर त्या लेखिकेलाच बंद करा! मादाम सांद म्हणजे लेखिका जॉर्ज सांद. तिच्या कादंबऱ्या तेव्हा घरोघर वाचल्या जात होत्या. एका भोकाच्या निमित्ताने कादंबरी, सेन्सॉर आणि विवाहाचा कायदा एका वाक्यात आले आहेत. आणि बंदीची भाषा कुणाच्या तोंडी दिली आहे? विजार फाटलेल्या, चिडलेल्या नवऱ्याच्या. १८३९ मध्ये, जेव्हा प्रत्येक चित्र परवानगीसाठी टेबलावर जात होते, ‘लेखिकेला बंद करा’ हे वाक्य हास्यास्पद माणसाला देणे हे धाडसच होते.

पायरी ७: थट्टा कुणाची?

हा प्रश्न टाळू नये. ‘ले बा-ब्लू’ ही मालिका लिहिणाऱ्या स्त्रियांवर अन्याय करते, हे मी स्पष्ट म्हणतो. चाळीस चित्रांत लेखणी धरणारी बाई कुरूप, बेपर्वा, मुलाबाळांची आबाळ करणारी, असे पुनःपुन्हा दाखवले आहे. १८४८ मध्ये युजेनी निबोयेने ‘स्त्रियांचा आवाज’ या नावाचे वृत्तपत्र काढले, घटस्फोटाचा कायदा परत आणण्याचा प्रस्ताव आला, तेव्हाही दोमिएने घटस्फोट मागणाऱ्या आणि समाजवादी बायकांवर मालिका काढल्या. राजाविरुद्ध तुरुंगात गेलेला माणूस घरातल्या सत्तेपुढे इतका सनातनी कसा, हे लपवून त्याची थोरवी सांगण्यात अर्थ नाही.

‘मर्स कोंजुगाल’ मात्र दोघांनाही सोडत नाही. तिथे नवरा कित्येकदा जास्त फजीत होतो. म्हणून एका चित्रावरून निकाल देऊ नका. त्याच मालिकेतली आधीची आणि नंतरची निदान पाच-सहा चित्रे पाहा आणि तीन रकाने करा: हसू कुणावर, त्रास कुणाला, सहानुभूती कुणाला. तिसऱ्या रकान्यात कधीकधी अनपेक्षित नाव येते. मला तिथे पोरे फार वेळा दिसली.

पायरी ८: सूचीतला क्रमांक

दोमिएच्या शिळाचित्रांची प्रमाण सूची लॉईस देल्तेई यांनी केली. १९२५ ते १९३० या काळात दहा खंडांत. जगभरची संग्रहालये आणि विक्रेते तिचेच क्रमांक वापरतात. ‘मर्स कोंजुगाल’ ६२४ ते ६८३, ‘ले बा-ब्लू’ १२२१ ते १२६०. त्यामुळे मालिकेतला आकडा माहीत असला की हिशेब घरच्या घरी होतो: विजारीचे चित्र ६२९, टबाचे १२२७. ‘दोमिए रजिस्टर’ या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की प्रसिद्धीची तारीख, वेगवेगळ्या अवस्थांतले ठसे, ओळीचा अर्थ असे बरेच मिळते. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाचा संग्रहही ताडून पाहायला उपयोगी.

तारीख मिळाली की गालिकावर जाऊन त्या दिवसाचा पूर्ण अंक उघडा. शेजारच्या पानांवर काय होते ते चाळा. चित्र भिंतीवरच्या चौकटीत असते त्यापेक्षा तिथे फार वेगळे दिसते.

पायरी ९: नोंद लिहा

नमुना देतो, तुमच्या चित्राप्रमाणे बदला.

दोमिए, ओनोरे. ‘ले बा-ब्लू’, चित्र ७. ‘ल शारिवारी’, पॅरिस, १८४४. खडूने काढलेले शिळाचित्र. देल्तेई १२२७. प्रत वर्तमानपत्री, मागे मजकूर (किंवा: पांढऱ्या कागदावरची, मागे कोरी). चित्राचे माप आणि कागदाचे माप वेगवेगळे, मिलिमीटरमध्ये. वरची व खालची सगळी अक्षरे मूळ लिपीत, जशीच्या तशी. ओळीचा मराठी अर्थ. अवस्था: घड्या, डाग, फाटलेले, कापलेला समास. कुठून आले, केव्हा.

त्याखाली तुमचे पहिल्या पायरीतले वाक्य आणि सातव्या पायरीतला निष्कर्ष. कागदाच्या मागे काही लिहायचेच झाले तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, हलक्या हाताने. शाईचे पेन त्या टेबलावरही ठेवू नका.

पायरी १०: कागद सांभाळणे

पॅरिसमध्ये सुखरूप राहिलेला कागद मुंबईच्या किंवा गोव्याच्या चार पावसाळ्यांत खराब होऊ शकतो. लॅमिनेशन कधीही नाही. ते परत निघत नाही. चिकटपट्टी नाही; तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. आम्लरहित पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये चित्र आडवे ठेवा. चौकट करायची तर मध्ये कापलेल्या पुठ्ठ्याची खिडकी हवी, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. दमट हवेत काचेला चिकटलेली शाई सुटत नाही. कागद पुठ्ठ्याला वरच्या कडेने दोनच ठिकाणी जोडावा, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या खळीने. बाहेरच्या भिंतीवर, जिथे पावसाळ्यात ओल येते, तिथे टांगू नका, उन्हासमोरही नको.

कपाटात हवा खेळती ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी बदला. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका. कसर लागली आहे का ते महिन्यातून एकदा पाहा. खळ तिला फार आवडते. तांबूस ठिपके आले तर घरी ब्लीच, लिंबू असले प्रयोग न करता कागद जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. थोडे डाग असलेला कागद जगतो. घरच्या घरी ब्लीचने पांढराशुभ्र केलेला टिकत नाही.

सरावासाठी पुढचे चित्र

एवढे एका चित्रावर केले की दुसरे निवडा, आणि ते वेगळ्या मालिकेतले असू द्या. मी भाडेकरू-घरमालकांच्या मालिकेतले १८४७ चे एक चित्र सुचवतो: छप्पर गळते आहे, भाडेकरू अंथरुणात आहे आणि घरमालकाला शिव्या घालतो आहे, कारण तो दुरुस्ती फक्त कोरड्या हवेतच करायला तयार आहे. त्यात बायको नाही, मूल नाही, भांडणारे दुसरे माणूसही खोलीत नाही. ज्याच्यावर राग आहे तो चित्रात कुठेच दिसत नाही. तेव्हा पहिल्या पायरीत, ओळ झाकलेली असताना, न दिसणारा माणूस दोमिएने कशाकशातून दाखवला आहे त्याची यादी करा, आणि ती पूर्ण झाल्यावरच पट्टी उचला.